निळ्या पोलादाची कुळकथा

दुसरे महायुद्ध संपल्यावर सरकारी कोठारांतून जो जुना आणि जादा माल बाहेर पडला, त्याला बाजाराने ‘डिस्पोजलचा माल’ असे नाव दिले. आणि जीपगाड्या, तंबू, कांबळी यांच्या त्या महापुरात कल्याणनजीकची एक अख्खी लष्करी छावणीच ओस पडलेली असल्यामुळे, सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी तिच्या बराकींत आपले संसार थाटले व ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. येथील मालावरील ‘मेड इन यू.एस.ए.’ या छापाचा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा जो विग्रह पुढे सर्वतोमुखी झाला, त्यात थट्टा जितकी आहे तितकाच कारागिरीचा गौरवही आहे, असे माझे मत आहे. परंतु टाकाऊला टिकाऊ करणाऱ्या या नगरातही सैन्याने मोडीत काढलेले पिस्तूल विकत आणून घरच्या ओट्यावर त्याला नवा रंग चढविण्याचा छंद रुजला नाही, कारण १८७८ च्या शस्त्रकायद्याने तो मार्ग पूर्वीच बंद करून टाकला होता. अमेरिकेत मात्र युरोपातील युद्धातून उरलेली पिस्तुले १९६८ च्या कायद्यापर्यंत टपालाने मागणी नोंदवूनसुद्धा मिळत, आणि तेथील हौशी गृहस्थ ती घासूनपुसून निळी करीत. या निळाईची वंशावळ मात्र केवळ पाश्चात्त्य नाही.

आपल्याकडे शस्त्राच्या पृष्ठभागाची निगा हा शिकलगारांचा वंशपरंपरागत व्यवसाय होता. गंज उतरविणे, सहाणेवर धार लावणे, आणि फौलादाच्या अंगचा लहरीदार जौहर हिराकसाच्या पाण्याने उठवून दाखविणे ही त्यांची कामे. म्हणजे धातूवर बाहेरून काही लेप देण्यापेक्षा धातूच्याच पोटातील रूप रासायनिक उपायाने वर आणणे, हे तत्त्व या कारागिरांना अवगत होते. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही बंदुकांच्या प्रकरणात एका चक्राचे वर्णन केले आहे, जे एक बैल फिरवी व ज्यावर सोळा नळ्या एकाच वेळी साफ होत. सफाईचे काम हातावरून यंत्रावर नेण्याची ही कल्पना सोळाव्या शतकातील आहे, हे कारखानदारीचा सारा इतिहास मँचेस्टरपासून मोजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. कोफ्तगिरीचे कारागीर तर याहून पुढे गेले होते. पोलादावर बारीक रेघांची जाळी कोरून तीत सोन्याची तार ठोकून बसविल्यावर ते सर्व काम बेताच्या आचेवर तापवीत, तेव्हा सोने तसेच राही आणि भोवतालचे पोलाद निळेभोर होई.

ही निळाई म्हणजे रंग नव्हे. स्वच्छ घासलेले पोलाद हवेत तापविले असता त्यावर लोहभस्माचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो आणि त्याच्या जाडीनुसार परावर्तित प्रकाशाचे किरण एकमेकांत मिसळून वर्ण भासतात: सुमारे २३० अंश सेल्सियसला गवती पिवळा, त्यानंतर जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. कोळशाच्या भट्टीत अथवा वितळलेल्या सोऱ्यात हीच क्रिया अधिक समपणे साधते. पण असा पापुद्रा दिसायला जितका मोहक तितकाच घर्षणाला कच्चा असतो.

टिकाऊपणाचा शोध लागला तो शत्रूलाच चाकरीस ठेवून. चकचकीत नळी उन्हात लखलखून शिपायाचा ठावठिकाणा सांगते व दमट हवेत गंजते, या दुहेरी अनुभवावरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी सैन्यात नळ्या तपकिरी करण्याची रीत रूढ झाली. त्या काळच्या बंदूकसाजांच्या नुसख्यांत मोरचूद, रसकापूर आणि शोऱ्याचे तेजाब असे जहाल पदार्थ आढळतात. उद्देश एकच, नळीवर सारखा, बारीक गंज आणावयाचा. तो तसाच ठेवून तेल दिले तर नळी तपकिरी. आणि उकळत्या पाण्यात घातली तर तांबडा गंज काळ्या चुंबकीय भस्मात पालटतो. सुटी काजळी तारेच्या मऊ ब्रशाने झाडून पुन्हा गंजू द्यायचे, पुन्हा उकळायचे, असे फेरे झाले की दाट, नीलकृष्ण पृष्ठभाग तयार होतो.

इतका धीर युद्धाच्या कारखान्यांना परवडण्यासारखा नव्हता. १९०६ मध्ये इंग्लंडात कॉस्लेटने फॉस्फेटच्या लेपाचे पेटंट घेतले, आणि त्यातून अमेरिकन शस्त्रांवरील करडी, खरखरीत पार्करायझिंगची प्रक्रिया निघाली. १९३० नंतरच्या दशकात दाहक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंशांवर उकळणाऱ्या हौदात सुटे भाग बुडवून अर्ध्या तासात काळे करण्याची पद्धत फैलावली. या हौदात ॲल्युमिनियम विरघळते व कथलाचे डाग सुटतात, म्हणून दुनळी बंदुकीच्या वाट्याला अजूनही तो जुना गंज-उकाळाच येतो.

जर्मन लूगर पिस्तुलावर हा सारा इतिहास वाचता येतो. जुन्या लूगरचे अंग गंज-उकाळ्याने निळे केलेले आणि चाप, खिट्टी यांसारखे लहान भाग आचेवर गवती पिवळे ठेवलेले असत. १९३७ च्या सुमारास माउझर कारखान्याने हौदाची पद्धत स्वीकारली आणि ते पिवळेपण लोपले. सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेली लूगर पिस्तुले पुढे त्यांच्या शस्त्रागारांत सरसकट एकाच हौदात बुडविली गेली. तेव्हा पिवळे भागही काळे झाले, गंजाचे खड्डे मात्र काळ्या रंगाखाली तसेच राहिले, आणि संग्राहक आज त्या खुणांवरूनच असे पिस्तूल ओळखतात.

नवशिक्याचे काम नेमके येथेच फसते. रंगाची बाटली ही सर्वांत शेवटची पायरी आहे. सेलेनियम व तांब्याच्या क्षारांचे थंड द्रावण फडक्याने पुसले की काळेपणा क्षणात येतो आणि म्यानात घालता-काढता तितक्याच त्वरेने जातो. खरे काम घासण्याचे, आणि फिरत्या कापडी चाकावर अधीर हाताने घासलेल्या पोलादाच्या धारा गोल होतात, भोकांच्या कडा खचतात, कारखान्याचा शिक्का व अनुक्रमांक पुसट होतात. आपल्याकडे हा केवळ कलेचा दोष राहत नाही. १९५९ च्या शस्त्रकायद्याचे आठवे कलम शस्त्रावरील नाव, क्रमांक व ओळखचिन्ह पुसण्यास मनाई करते, आणि पाचवे कलम परवान्यावाचून शस्त्राच्या दुरुस्तीचा धंदाच वर्ज्य ठरविते. पिस्तुलाचा परवाना असलेल्या मालकानेही रंगासाठी ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्या कारागिराकडेच द्यावे. तेल-फडक्यापलीकडे स्वतःची हौस नेऊ नये.

उल्हासनगरशेजारच्या अंबरनाथला शस्त्रास्त्रांची परंपरा आहे, पण ती पिस्तुलांची नव्हे. येथील आयुधनिर्माणी धातूंच्या मिश्रणांची व दारूगोळ्याच्या सुट्या भागांची, आणि १९५३ मध्ये सुरू झालेला मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना नावाप्रमाणे यंत्रांचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर पहिली यंत्र इंडियाकडे व दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेला. ९ एम. एम. पिस्तूल बनते ते बंगालमधील इच्छापूरच्या रायफल कारखान्यात. परंतु तो दाहक सोड्याचा हौद मुंबई-ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात ‘ब्लॅकोडायझिंग’ या नावाने सुखेनैव नांदतो आहे. ॲलन बोल्ट, यंत्रांचे जिग, दातेरी चाके पिंजऱ्यात भरून त्यात बुडवितात, धुतात, तेलात घालतात, आणि मजुरी किलोच्या भावाने घेतात. वापरलेले द्रावण उदासीन न करता सोडले तर ते नाल्यावाटे अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनीला मिळते, आणि त्या नदीने रासायनिक सांडपाणी आधीच अतोनात सोसले आहे.