खोपोली जलविद्युत् केंद्र

खोपोली जलविद्युत् केंद्र : महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात बोरघाटाच्या पायथ्याशी असलेले, १९१५ मध्ये सुरू झालेले टाटा समूहाचे पहिले वीजनिर्मिती केंद्र. एडिसन यांचे न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, तेव्हा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह कमी दाबाने पाठवावा लागत असल्यामुळे वीज आसपासच्या वस्तीपुरतीच पोचत असे. पुढे ठरावीक काळाने दिशा बदलणारा प्रत्यावर्ती प्रवाह आणि त्याचा दाब वाढविणारे वा उतरविणारे रोहित्र प्रचारात आले, आणि डोंगरदऱ्यांत निर्माण केलेली वीज दूरच्या शहरास पुरविता येऊ लागली. भारतात दार्जिलिंग (१८९७) व शिवनसमुद्र (१९०२) येथील केंद्रे याच वाटेने उभी राहिली.

मुंबईच्या कापडगिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशावर चालत. त्यांना सह्याद्रीतील पाण्याची वीज पुरविण्याची कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर दोराबजी टाटा यांनी ती तडीस नेली आणि १९१० मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली. पाऊस भरपूर, पण तो चारच महिने पडणारा असल्याने साठवण हाच योजनेचा खरा कणा होता. म्हणून लोणावळा, वळवण व शिरवटा येथे धरणे बांधण्यात आली.

जलविद्युत् शक्ती पाण्याचा ओघ आणि त्याच्या पतनाची उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. येथे ओघ बेताचा, पण उंची ५०० मीटरांहून अधिक आहे. घाटमाथ्यावरून पोलादी नळांतून उतरलेले पाणी तोटीतून सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने बाहेर पडते आणि पेल्टन चक्राच्या परिघावरील जोडवाट्यांवर आदळते. वाट्यांमधील धारदार कण्यावर झोत दुभंगतो, दोन्ही बाजूंनी जवळजवळ उलटा वळतो आणि आपली बहुतेक गतिज ऊर्जा चक्राला देऊन मंदावून खाली पडतो. चक्राच्या आसाला जोडलेल्या जनित्रात चुंबक फिरतात आणि भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज प्रवर्तित होते. फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेले हेच तत्त्व औष्णिक व अणुवीज केंद्रांतही वापरले जाते, तेथे फक्त चक्र वाफेने फिरते.

तारांतून वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दहापट केल्यास तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि तीच हानी शंभरावा हिस्सा होते. म्हणूनच खोपोलीची वीज मुंबईस १ लाख व्होल्ट दाबाने नेण्यात आली, आणि त्या काळाच्या मानाने हे धाडसच होते.

यामागोमाग भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे झाली. भिऱ्यासाठी बांधलेल्या मुळशी धरणात मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला; मुंबईच्या विजेचा इतिहास त्या विस्थापितांना वगळून लिहिता येत नाही. या योजनांनी भीमेच्या खोऱ्यातील, एरवी पूर्वेकडे वाहणारे पाणी कोकणात वळविले असून, त्यांपैकी खोपोलीतून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेस मिळते.