दाराच्या स्विचची कुळकथा

गाडीचं दार नीट लागलेलं असतानाही डॅशबोर्डवरचा दिवा ते उघडं असल्याचं सांगत राहतो, तेव्हा शिव्या खातो तो सेन्सर. त्याचा मूळपुरुष मात्र मोटारीहून जुना, आणि तो घडवला एका पाद्र्याने. मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिलचे रेव्हरंड ऑगस्टस पोप यांनी 1853 साली विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की सर्किट पुरं व्हायचं, विद्युतचुंबक थरथरायचा आणि घंटेवर टोल पडायचे. 1857 मध्ये एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेऊन त्याचा धंदा उभा केला.

पोप यांनी दारं-खिडक्या समांतर जोडल्या होत्या. कोणतंही एक उघडलं तरी घंटा वाजे; कोणतं, ते घंटेला सांगता येत नसे. शिवाय वायर तुटली तर घंटा गप्प. चोराने आधी वायर कापली की काम फत्ते! म्हणूनच पुढे वायर तुटताच बोंब ठोकणाऱ्या, बंद सर्किटवरच्या घंटा आल्या.

मोटारींनी मात्र उचलली ती पोप यांचीच स्वस्त रीत. दाराच्या खांबात पिनस्विच, आतल्या दिव्याला सप्लाय कायम, आणि दार उघडलं की पिन बाहेर येऊन दिव्याला बॉडीचा अर्थ मिळणार. सगळी दारं एकाच वायरवर. त्यामुळे घंटेची दोन्ही दुखणीही गाडीत आली. जुना ऑटो इलेक्ट्रिशियन माग काढतो तो त्यांचाच. दिवा विझत नसेल, तर एकेका दाराचा स्विच सोडवून पाहायचा. ज्याला सोडवल्यावर विझला, दोषी तो. सगळे सोडवूनही जळतच राहिला, तर वायर घासून कुठेतरी बॉडीला लागलीय. बल्ब आणि फ्यूज ठीक असून दिवा लागतच नसेल, तर स्विचकडची वायर बॉडीला टेकवायची. लागला, तर स्विच गंजलाय. नाही, तर वायर तुटलीय.

नव्या गाड्यांत स्विच लॅचच्या पोटात शिरलाय. हा मायक्रोस्विच 1932 सालचा, इलिनॉयमधल्या फ्रीपोर्टचा: जराशा दाबाने चटकन पलटणारी पत्ती. बहुतेक ठिकाणी आता प्रत्येक दाराची वायर वेगळी कंट्रोल मॉड्यूलकडे जाते, त्यामुळे स्कॅनर दार कोणतं ते सांगतो. कारण सांगत नाही. काही लॅचमध्ये दार उघडल्यावर सर्किट जुळतं, काहींत तुटतं. वायरिंगचा नकाशा न बघता वायर बॉडीला टेकवणारा कारागीर हमखास उलटा निष्कर्ष काढतो, आणि चांगला लॅच बदलून मोकळा होतो.

दार उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॅच लावावा आणि स्कॅनरवरचा संकेत बदलतो का पाहावं. (नंतर हँडल ओढून लॅच सोडायला विसरू नये, नाहीतर दार आपटून लॅचचंच नुकसान.) संकेत अधूनमधून हुकत असेल, तर खांब आणि दार यांमधली रबरी नळी हलवून बघावी. दार उघडझाक करताना वायर वाकते ती तिथेच. नळी सरकवली की वायरचं आवरण बऱ्याचदा शाबूत दिसतं. वायर हलकेच ओढावी, आतलं तांबं तुटलेलं असेल तर ती इलॅस्टिकसारखी ताणली जाते.