रायगडच्या किनाऱ्यावर वाटाणा : गारवा, दिवसमान आणि अंगओल

वाटाण्याला आपण हिवाळी पीक म्हणतो. पण पुरंदर तालुक्यातला शेतकरी तो जून-जुलैत पेरतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तोडतो. यात विसंगती नाही. या पिकाला गारवा हवा. तो कोणत्या महिन्यात मिळतो हे गाव ठरवते. सासवडचे पठार समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून उंच आहे आणि तिथला पाऊस बेताचा. तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला, अलिबागला, त्याच महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि खाचरांत गुडघाभर भात उभे असते. म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर वाटाण्याचा विचार भातकापणीनंतरच करता येतो. त्या वेळी हवा, उजेड आणि जमीन या पिकाला काय देतात, ते क्रमाने पाहू.

पहिला मुद्दा तापमानाचा. वाटाण्याचे बी 4-5 अंश सेल्सिअसलाही हळूहळू रुजते, आणि वेल सर्वांत जोमाने वाढतो तो 13 ते 18 अंशांत. पारा 30च्या वर राहू लागला की कळ्या व फुले गळतात, शेंगेत दाणे कमी भरतात. उत्तर युरोपातल्या बागायतदाराची चिंता नेमकी उलटी : त्याची जमीन वसंतात इतकी गार असते की बी रुजण्याआधी कुजते. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही किनाऱ्यावर पारा साधारण 16-18 अंशांच्या खाली फारसा जात नाही, कारण शेजारचा समुद्र दिवसाची ऊब रात्री परत देत राहतो. दुपारी पारा 29-30ला टेकतो. म्हणजे वाटाण्याला मानवणारे तापमान इथे रात्रीपुरतेच मिळते. फेब्रुवारीत जमिनीकडचा कोरडा वारा दुपारपर्यंत वाहत राहिला आणि खारा वारा उशिरा सुटला, तर पारा 35च्या पुढेही जातो. फुलावरच्या वाटाण्याचे पीक तिथेच संपते.

उष्णतेचा याहून खोल परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. पहिले फूल कितव्या पेऱ्यावर यायचे, हे वाणागणिक बरेचसे ठरलेले असते : लवकर येणाऱ्या वाणांत ते खालच्या पेऱ्यांवर येते, उशिराच्या वाणांत बारा-पंधरा पेरे वाढल्यावर. उबेत पेरे भराभर सुटतात, मात्र प्रत्येक पेर आखूड आणि पाने लहान राहतात. रोप अंगाने भरण्याआधीच फुलाच्या पेऱ्याला पोचते. ‘झाड लवकर फुलले’ म्हणून माणूस हरखतो, आणि शेंगा मोजायला बसला की दहा-बाराच्या पुढे जात नाही. दाण्याचेही तसेच. गारव्यात त्यातली साखर काही दिवस टिकते, उबेत तिचा स्टार्च झपाट्याने होतो. म्हणून किनाऱ्यावरची शेंग दोन दिवस उशिरा तोडली तर दाणा पिठूळ लागतो.

दुसरा मुद्दा उजेडाचा. वाटाणा मुळात लांब दिवसांचा सोबती. डिसेंबरात अलिबागचा दिवस जेमतेम 11 तासांचा, त्यामुळे उशिराची वाणे इथे फुलायला रेंगाळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडात सापडतात. अर्केलसारख्या लवकर येणाऱ्या वाणांना दिवसमानाची फारशी पर्वा नसते. इथे प्रयोग करायचा तो त्यांच्यावरच. अर्थात अर्केलचे बी सुरकुतलेले, साखरेचा अंश जास्त असलेले. ओल्या, उबदार मातीत ते गोल बियांपेक्षा लवकर कुजते. ऑक्टोबरातल्या चिकट ओलीत घाईने टोकले तर निम्मी जागा रिकामी राहते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, वाफसा आल्यावर, तीन-चार सेंटिमीटर खोल टोकावे, वर भाताचा पेंढा पसरून माती गार ठेवावी.

आता जमीन. भात निघाल्यावर खाचरात जी अंगओल उरते, तिच्यावर रायगडात पिढ्यान्‌पिढ्या वाल होतो. नांगरटही बेताची आणि पाणी बहुधा शून्य. वालाचे सोटमूळ खाली जाणाऱ्या ओलीचा पाठलाग करते. वाटाण्याची मुळे बरीचशी वरच्या थरात असतात. तो थर पौषात भेगाळतो, म्हणून वाटाण्याला फुलताना आणि दाणा भरताना पाणी द्यावेच लागते. मुळांवरच्या गाठींचाही प्रश्न आहे. वालाच्या गाठी ज्या जिवाणूंच्या असतात, ते वाटाण्याला चालत नाहीत. त्याला रायझोबियमची वेगळी जात लागते. जिथे वाटाणा कधी पेरलाच नाही त्या मातीत ती पुरेशी असेलच असे नाही. बियाण्याला वाटाण्याचेच जिवाणू-खत चोळले नसेल, तर पहिल्या वर्षी रोपे पिवळी का, याचे कारण खताच्या गोणीत शोधण्यात अर्थ नाही. त्यात कोरडे दिवस आणि दवाच्या रात्री आल्या की पानांवर भुरी चढते.

वालाकडे या सगळ्याचे उत्तर आधीच आहे. तो आखूड दिवसांचा : दिवस लहान होत जातो तसा तो फुलाकडे वळतो, म्हणजे वाटाण्याला जे मारक तेच त्याला पोषक. उबदार रात्री त्याला बाधत नाहीत. मात्र मळभ आले की मावा पडतो, शेंगा पोखरणारी अळी लागते. त्रास आणखीही आहेत, पण नाव घेण्याजोगे हेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वालाची सुधारित वाणे दिली आहेत, तरी बाजारातला दाणेदार हिरवा वाटाणा पाहून ‘आपल्याकडे का होत नाही’ असे विचारणारे जितके भेटतात, तितके वालाच्या वाणांची चौकशी करणारे भेटत नाहीत. मला हे मनापासून खटकते. किनाऱ्यावर वाटाण्याची जागा परसातली, विहिरीजवळची, दुपारनंतर नारळाची सावली येणारी, खाचर वालाचेच.

परसातल्या चार ओळींचा तोडा जानेवारीत सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या आरंभी आटपतो. त्याच आठवड्यांत बांधापलीकडे वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, आणि मडक्यात त्या शेंगांसोबत भामरुडाचा पाला, ओवा, मीठ घालून पोपटी लावायला पोरे पेंढा गोळा करत असतात.