‘हे खरे आहे काय?’

विधिमंडळातील प्रश्नोत्तरांच्या जुन्या याद्या चाळायला बसले की पहिल्यांदा जाणवते ती त्यांची भाषा. प्रश्न साधारण असा असतो : ‘अमुक तालुक्यातील पाझर तलावाचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय; असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय; असल्यास, चौकशीत काय आढळून आले; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तर : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) चौकशी सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

नवख्या माणसाला हे वाचताना झोप येते. मला आली नाही, याचे कारण माझी नोकरी. एका सहकारी बँकेत माझी उमेदीची वर्षे लेखापरीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तरे लिहिण्यात गेली. दोषदुरुस्ती अहवाल तयार करताना कोणत्या शब्दाआड काय लपवता येते आणि कोणत्या प्रश्नाला काही केल्या बगल देता येत नाही, हे मला टेबलावर बसून कळले होते. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. पण ‘अंशतः खरे आहे’ असे वाचले की कोणता अंश खोटा ठरवून बाकीचा कबूल केला असेल, हे शोधण्याची खोड जडली. त्या खोडीतून हा अभ्यास सुरू झाला.

प्रश्न विचारण्याची ही प्रथा ब्रिटिश पार्लमेंटची. तिथल्या उमरावांच्या सभागृहात १७२१ साली अर्ल कूपर यांनी विचारलेला प्रश्न हा नोंदला गेलेला पहिला प्रश्न मानतात. साउथ सी कंपनीचा रोखपाल रॉबर्ट नाइट हिशेब टाकून परदेशी पळाला होता आणि ब्रुसेल्सला पकडला गेल्याची बातमी होती. ती खरी आहे काय, एवढेच कूपरना हवे होते. म्हणजे या प्रथेच्या मुळाशीच एक आर्थिक घोटाळा आणि ‘हे खरे आहे काय’ ही शब्दरचना आहे. पुढे १९०२ मध्ये तिथे तोंडी आणि लेखी उत्तरांची वाटणी झाली. ज्याला सभागृहात तोंडी उत्तर हवे त्याने प्रश्नावर तारेची खूण करायची. आपल्याकडचे ‘तारांकित’ आणि ‘अतारांकित’ हे शब्द त्या खुणेचे वारस आहेत.

हिंदुस्थानात प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कौन्सिल कायद्याने मिळाली. मुभा म्हणजे तरी काय? प्रश्न आधी कळवायचा, तो फक्त माहिती मागणारा असावा, त्यात तर्क नको, आरोप नको, आणि उत्तर मिळाल्यावर उपप्रश्न नाही. उत्तर वाचून झाले की गप्प बसायचे. माझ्या मते आपल्या प्रश्नांची आजची मान खाली घातलेली भाषा या नियमांतून घडली. ‘तुमच्या अधिकाऱ्यांनी पैसे खाल्ले’ असे म्हणता येत नव्हते. ‘पैसे खाल्ल्याची तक्रार आली आहे, हे खरे आहे काय’ असे विचारता येत होते. आरोप करायला बंदी होती, म्हणून आरोपाला प्रश्नचिन्ह जोडण्याची कला आली.

केंद्रीय कौन्सिलातला पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंग्याच्या राजांनी विचारला. भिंगा हे अवधमधले संस्थानवजा तालुकदारी ठिकाण. वाचकांना वाटेल की पहिला प्रश्न काही तरी भव्य असेल, स्वराज्याचा किंवा निदान मिठावरच्या कराचा. तो होता रसदेचा. साहेबाचा दौरा निघाला की वाटेवरच्या गावांतल्या छोट्या दुकानदारांना लवाजम्यासाठी पुरवठा करावा लागे. त्यांना जो जाच होई त्याबद्दल राजांनी विचारले. मला हा प्रश्न फार आवडतो. सरकार नावाच्या एवढ्या मोठ्या यंत्राला पहिल्यांदा जाब विचारला गेला तो खेड्यातल्या वाण्याच्या वतीने, आणि तोही एका राजाने.

१९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाचा हक्क मिळाला, १९१९ च्या सुधारणांनंतर तो सर्वच सभासदांना मिळाला. त्याआधीच मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात टिळक आणि गोखले दोघेही येऊन गेले होते. १९२७ पासून डॉ. आंबेडकर त्या कौन्सिलात होते. त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात भाषणांबरोबर त्यांचे प्रश्न आणि सरकारची उत्तरेही छापली आहेत. भाषणे सगळे वाचतात. ती पाने कुणी उलटत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. पण त्याआधी एक उपकथा सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न हे शस्त्र आहे हे जसे लोकप्रतिनिधींना कळले तसे व्यापाऱ्यांनाही कळले. १९५१ मध्ये, हंगामी संसदेच्या काळात, एच. जी. मुदगल या सभासदावर मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचा आणि विधेयकाला दुरुस्त्या सुचवल्याचा ठपका आला. चौकशीसाठी सभागृहाची समिती नेमली गेली. तिने ठपका कायम केला. सभागृह मुदगल यांना काढणार हे दिसताच त्यांनी राजीनामा दिला, आणि सभागृहाने त्या राजीनाम्याच्या मजकुराबद्दलही नापसंती नोंदवली. नेहरू सरकारने आपल्याच पक्षाच्या सभासदाविरुद्ध हे केले, याचे श्रेय द्यायला हवे. त्या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. हे नाव लक्षात ठेवावे.

१९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख होते. विमा कंपन्यांच्या पैशाशी मालक कसे खेळतात याचा पाढा त्याआधी लोकसभेत फिरोज गांधी यांनी वाचला होता. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले, २४५ विमा संस्था त्यात विलीन झाल्या. तोवर संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडले होते आणि त्यांच्या जागी कृष्णम्माचारी आले.

महामंडळाला वर्षही झाले नव्हते. १९५७ च्या जूनमध्ये त्याने कलकत्त्याचे व्यापारी हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले. रिचर्डसन क्रुडास, जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन ही त्यांतली मोठी नावे. मुंदडा त्या वेळी अडचणीत होते. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, पण तिला विचारलेच नाही. हा पैसा कुणाचा? ज्यांनी महिन्याच्या पगारातून हप्ता भरला अशा कारकुनांचा, मास्तरांचा.

सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत डॉ. राम सुभग सिंग यांनी याबाबत प्रश्न टाकला. सरकारचे उत्तर सरळ नव्हते. इथे बहुतेक प्रकरणे संपतात. उत्तर मिळाले, यादीत छापले गेले, अधिवेशन उठले. हे संपले नाही, कारण विचारणारे थांबले नाहीत. २९ नोव्हेंबरला पुन्हा प्रश्न आला, या वेळी फिरोज गांधी बरोबर होते, आणि उपप्रश्नांनी अर्थमंत्र्यांना घेरले. आधीचे उत्तर आणि आताचे उत्तर शेजारी ठेवले की मधली फट दिसते; त्या फटीत पहार घालायची. १६ डिसेंबरला फिरोज गांधींनी सभागृहात खरेदीचा तपशील मांडला तेव्हा सरकारकडे चौकशी नेमण्यावाचून मार्ग उरला नाही.

पुढचा वेग आज खरा वाटणार नाही. १७ जानेवारी १९५८ ला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. मुंबईत उघड सुनावणी झाली. गर्दी इतकी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. १० फेब्रुवारीला अहवाल आला. म्हणजे महिनाही लागला नाही. व्यवहाराला आपली संमती नव्हती असे मंत्र्यांचे म्हणणे होते, अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांचे म्हणणे वेगळे. छागलांनी निर्वाळा दिला की सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते, त्याला हात झटकता येणार नाहीत. त्याच महिन्यात कृष्णम्माचारी यांचे मंत्रिपद गेले. सात वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या प्रश्नाचा न्याय करणारा माणूस न विकलेल्या प्रश्नाने पडला.

यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. फिरोज गांधी आणि राम सुभग सिंग दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे होते. (राम सुभग सिंग पुढे १९६९ मध्ये, काँग्रेस फुटल्यावर, लोकसभेचे पहिले मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेते झाले, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.) दुसरी गोष्ट कायद्याची. संसदेतले कामकाज प्रामाणिकपणे छापणाऱ्या वृत्तपत्राला खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा १९५६ मध्ये झाला, तो फिरोज गांधींच्याच खासगी विधेयकातून. पुढे आणीबाणीत तो रद्द केला गेला आणि १९७७ मध्ये पुन्हा आणावा लागला. जुलै १९७५ च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही गुंडाळला होता. तास गेला आणि छापण्याचे संरक्षणही गेले. दोन्ही दारे कशी बंद करायची हे सरकारला नेमके माहीत होते.

मुंदडा प्रकरणाची भव्यता बाजूला ठेवून रोजच्या कारभाराकडे वळतो. लोकसभेत एका दिवसाला तारांकित प्रश्न वीस, अतारांकित २३०. तारांकितांपैकी मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात. म्हणजे खात्यांकडून जी माहिती बाहेर येते तिचा बहुतांश भाग लेखी उत्तरांतून येतो, ज्यावर कुणी बाके वाजवत नाही. तिथे खात्याचे आवडते शब्द दोन : ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ आणि ‘बाब विचाराधीन आहे’. यावर उपाय म्हणून दादासाहेब मावळंकर अध्यक्ष असताना, १ डिसेंबर १९५३ रोजी, लोकसभेने आश्वासन समिती नेमली. कोणते शब्द वापरले की ते आश्वासन धरायचे याची यादीच तयार झाली, आणि हे दोन्ही प्रकार त्यात आले. ‘विचाराधीन’ म्हटले की तीन महिन्यांत विचार संपवून सांगायचे, असा त्याचा अर्थ. समितीचे अहवाल उघडले तर वर्षानुवर्षे लटकलेली आश्वासने सापडतात हे खरे. पण ती सापडतात, मोजता येतात, हेही खरे.

आमच्या भागात एक पाझर तलाव कागदावर पुरा आणि जमिनीवर अर्धा होता. गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी मोजमाप-पुस्तकातल्या नोंदी उतरवून आणल्या आणि आम्ही दोघांनी बसून आमदारांसाठी प्रश्नाचा मसुदा केला. मास्तरांचा पहिला मसुदा दीड पानाचा, संतापाने भरलेला होता. मी तो पाच ओळींवर आणला : भिंतीची मंजूर लांबी किती, प्रत्यक्ष लांबी किती, अंतिम देयक कोणत्या तारखेला दिले. मास्तर नाराज झाले. म्हणाले, ‘‘यात अन्याय कुठे दिसतो हो?’’ मी म्हटले, ‘‘गुरुजी, तो उत्तरात दिसेल.’’ उत्तर आठ महिन्यांनी आले. लांबीचे दोन आकडे वेगवेगळे होते आणि देयकाची तारीख होती. चौकशी लागली, रकमेची वसुली मात्र अजून ‘प्रक्रियेत’ आहे. तलाव अर्धाच आहे.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आला तेव्हा त्यात एक सुंदर वाक्य होते. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशा अर्थाचे. म्हणजे भिंग्याच्या राजाला १८९३ मध्ये मिळालेला हक्क थेट गावच्या वाण्याला दिला गेला होता. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्याने ज्या कलमाशी हे वाक्य जोडलेले होते ते कलमच बदलले आणि वाक्य गळले. त्यावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा महाराष्ट्रात झाली नाही, निदान माझ्या कानावर आली नाही.

सप्टेंबर २०२० चे अधिवेशन कोरोनाच्या सावटात भरले. प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, लेखी उत्तरे तेवढी चालू होती. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय, या प्रश्नावर १४ सप्टेंबरला कामगार मंत्रालयाने लोकसभेत लेखी कळवले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच आठवड्यात राज्यसभेत दुसऱ्या सभासदाने दुसऱ्या खात्याला अधिक नेमके विचारले : श्रमिक विशेष गाड्यांमध्ये प्रवासात किती माणसे दगावली? रेल्वे मंत्रालयाने राज्यांच्या पोलिसांकडील माहितीवरून ९ सप्टेंबरपर्यंतचा आकडा दिला. सत्त्याण्णव.