उमाटिला दारूगोळा कोठार
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक भूतपूर्व लष्करी कोठार. क्षेत्रफळ सु. ८० चौ. किमी. ऑरेगन राज्याच्या ईशान्य भागात हर्मिस्टन शहराजवळ ते १९४१ मध्ये उभारण्यात आले. एका ठिकाणचा स्फोट दुसरीकडे पसरू नये म्हणून मातीने आच्छादलेल्या १,००१ काँक्रीटच्या कोठड्या परस्परांपासून दूर बांधण्यात आल्या. २१ मार्च १९४४ रोजी अशा एका कोठडीत स्फोट होऊन सहा कामगार मृत्यू पावले.

दीर्घकाळ टिकलेली हानी मात्र नित्याच्या कामातून झाली. १९५० नंतरच्या दशकात येथे जुने बाँब व तोफगोळे गरम पाण्याच्या दाबाने धुऊन त्यांतील स्फोटके परत मिळविण्याचा कारखाना सुरू झाला. १९६५ पर्यंत सु. ३२ कोटी लिटर धुवण अस्तर नसलेल्या दोन तळ्यांत सोडण्यात आले. जमीन सच्छिद्र असल्याने ते खाली झिरपले. टीएनटी हे स्फोटक मातीला काहीसे धरून राहते, तर आरडीएक्स पाण्याबरोबर दूर वाहत जाते, त्यामुळे सु. १४० हेक्टर क्षेत्राखालील भूमिजल दूषित झाले. १९८७ मध्ये या तळ्यांचा समावेश शुद्धीकरणाच्या राष्ट्रीय अग्रक्रम यादीत झाला.

तळ्यांतील माती भट्टीत जाळण्याऐवजी तिचे कंपोस्ट करण्यात आले. शेणखत, लसूणघास, बटाट्याचा चोथा व लाकडाचा भुसा तिच्यात मिसळून राशी रचल्या व त्या वरचेवर उलथल्या. सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने स्फोटकांचे विघटन होऊन त्यांचे प्रमाण दर किग्रॅ. मातीत ३० मिग्रॅ.च्या खाली आणावयाचे होते. भूमिजल १९९७ पासून उपसून, सक्रियित कार्बनमधून गाळून पुन्हा जमिनीत मुरविण्यात येऊ लागले. १९६२ पासून येथे साठविलेली सारिन, व्हीएक्स व मस्टर्ड ही रासायनिक युद्धद्रव्ये २००४–११ या काळात जाळून नष्ट करण्यात आली.

कोठार २०१२ मध्ये बंद झाले. काही भाग ऑरेगन नॅशनल गार्डच्या प्रशिक्षणासाठी राखण्यात आला, तर बरीच जमीन २०२३ मध्ये स्थानिक विकास प्राधिकरणाकडे गेली. उमाटिला आदिवासी संघही त्याचा घटक आहे. तथापि, मालकी बदलली तरी जबाबदारी संपत नाही. दारूगोळा नष्ट करण्याच्या जुन्या मैदानात न फुटलेल्या दारूगोळ्याचा धोका असतो. दूषित पट्ट्यातील पाण्याच्या वापरावर निर्बंध ठेवावे लागतात. दूषितके शिल्लक असेपर्यंत दर पाच वर्षांनी पुनरावलोकन करणे कायद्याने बंधनकारक आहे. दहा-पंधरा वर्षांच्या धुलाईचे परिणाम निस्तरण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. म्हणूनच अशा स्थळांच्या बाबतीत शुद्धीकरणाइतकेच नोंदी व निर्बंध पुढील पिढ्यांपर्यंत जपणे महत्त्वाचे ठरते.