छायाचित्रातला क्षण केवढा?

12 ते 14 जानेवारी 2024 या तीन दिवसांत मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर भारतीय हवाई दलाच्या कसरती झाल्या. ‘सूर्यकिरण’ पथकाची हॉक विमाने आणि ‘सारंग’ पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरे समुद्रावर उडाली. किनाऱ्यावरच्या गर्दीने ती कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये टिपली. अशा कसरतींच्या छायाचित्रांत एक गंमत आढळते. एखाद्या चित्रात हेलिकॉप्टरची पाती जागच्या जागी थिजलेली दिसतात. ते आता कोसळणार असे वाटावे! दुसऱ्या चित्रात त्याच पात्यांची धूसर चकती होते. छायाचित्र खोटे बोलत नाही असे आपण मानतो. मग यांतले खरे कोणते?

याचे उत्तर छायाचित्रणाच्या इतिहासात आहे. 1838 च्या सुमारास दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यासाठी काही मिनिटे लागली. तेवढ्या वेळात गाड्या व माणसे पुढे निघून गेली आणि चित्रातला रस्ता ओसाड उमटला. उरला तो फक्त बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस.

1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली. चारही खूर एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, हा डोळ्यांना न सुटलेला प्रश्न त्यांनी सोडवला. खूर सुटतात!

त्याहून वेगवान वस्तूचे काय? याचे उत्तरही एका समुद्रकाठच्या गावात, लष्करी संस्थेतच मिळाले. फ्यूमे (आजच्या क्रोएशियातील रिएका) येथील नौदल अकादमीत पेटर साल्खर हे भौतिकीचे प्राध्यापक होते. एर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून त्यांनी 1886 मध्ये ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचे चित्र घेतले. शटरऐवजी त्यांनी विजेच्या ठिणगीचा अत्यल्पकाळ टिकणारा प्रकाश वापरला. चित्रात गोळीपुढे दाबल्या गेलेल्या हवेची लाट स्पष्ट दिसली. लढाऊ विमानाच्या वेगासाठी आपण ‘मॅक’ हा आकडा सांगतो, तो याच माख यांच्या नावाचा.

म्हणजे छायाचित्र हा ‘क्षण’ नसतो; तो काळाचा एक तुकडा असतो. तुकडा केवढा, यावर चित्र ठरते. ताशी 540 किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला 150 मीटर जाते. शटर 1/1000 सेकंद उघडे राहिले तर ते 15 सेंटिमीटर सरकते. 1/100 सेकंदात दीड मीटर! म्हणून छायाचित्रकार विमानासाठी छोटा तुकडा निवडतो आणि कॅमेराही विमानाबरोबर फिरवतो. हेलिकॉप्टरसाठी मात्र तो मुद्दाम मोठा तुकडा घेतो. ध्रुवचा पंखा मिनिटाला सुमारे 300 फेरे घेतो. 1/1000 सेकंदात पाते दोन अंशांहूनही कमी फिरते, म्हणून थिजलेले दिसते. 1/60 सेकंदात ते 30 अंश फिरते आणि गती चित्रात उमटते. दोन्ही चित्रे खरी. प्रश्न मात्र वेगळे.

मुखेडच्या शाळेपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, पण वर्गातला छताचा पंखाही साधारण तेवढेच फेरे घेतो. त्याचे मोबाइलने दोनदा छायाचित्र घ्यावे : एकदा भर उजेडात, एकदा खिडक्या लावून. कमी उजेडात मोबाइल आपोआप मोठा तुकडा निवडतो. चित्रात पाती कधी वाकलेलीही दिसतील, कारण मोबाइल चित्र एकदम न घेता ओळीओळीने घेतो आणि तेवढ्यात पाते पुढे सरकते. 1912-13 च्या सुमारास फ्रान्सच्या लार्तीगने शर्यतीतल्या मोटारीचे चित्र घेतले, त्यात चाक तिरके लंबवर्तुळाकार उमटले ते अशाच कारणाने. त्याच्या कॅमेऱ्यातली फट काचेवरून सरकत होती.

वर्तमानपत्रातले कोणतेही चित्र मुलांपुढे आले, की ‘काय दिसते?’ याबरोबरच ‘किती वेळात टिपले?’ हेही त्यांना विचारू द्यावे. चित्राला पुरावा म्हणून तपासण्याची सवय तिथूनच लागते.