न्यायमूर्तींचा हिशेब कोणासमोर?

आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयापासून सुरुवात करू. विदर्भातल्या आमदार-खासदारांच्या निवडीला आव्हान द्यायचं तर निवडणूक याचिका इथेच येते. पूर्वी हे काम निवडणूक न्यायाधिकरणांकडे होतं. १९६६ च्या दुरुस्तीनं ते उच्च न्यायालयांकडे आलं.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं उमेदवाराला खर्चाचा खरा हिशेब ठेवायला लावलं. निकालानंतर ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. सबळ कारणाशिवाय दिला नाही, तर ३ वर्षं अपात्रता. २००२-०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे मालमत्तेचं शपथपत्रही आलं. म्हणजे उमेदवाराचा हिशेब न्यायमूर्ती तपासू शकतात. मग न्यायमूर्तींचा हिशेब कोण तपासणार?

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत न्यायाधीश मतदानानं निवडतात, त्यामुळे तिथे प्रचारासाठी मिळालेल्या देणग्या जाहीर कराव्या लागतात. तरी घोटाळा व्हायचा तो होतोच. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं एका उमेदवाराला निवडून आणायला सुमारे ३० लाख डॉलर ओतले. पुढे त्याच न्यायमूर्तींसमोर त्याच कंपनीचं अपील आलं. त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं.

आपल्याकडे न्यायाधीश मतं मागत नाहीत, हे बरंच आहे. पण प्रचाराचा हिशेब नाही म्हणून हिशेबच नको, असं कसं चालेल?

७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठराव केला: प्रत्येक न्यायमूर्तीनं स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता सरन्यायाधीशांना कळवावी. पण गोपनीय! माहिती अधिकाराखाली एका नागरिकानं विचारणा केली आणि प्रकरण न्यायालयातच गेलं. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी घटनापीठ म्हणालं, सरन्यायाधीशांचं कार्यालय सार्वजनिक प्राधिकरण आहे. मात्र मालमत्तेचा तपशील ही वैयक्तिक माहिती, ती व्यापक जनहित असेल तरच द्यायची. पाचच दिवसांनी आपल्या नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश झाले.

सक्तीचा कायदा करायचा प्रयत्नही झाला. न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि तेही बुडालं. ५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर ३३ पैकी २१ न्यायमूर्तींची मालमत्ता झळकली. ही जाहीर करणं मात्र ऐच्छिक, आणि ठरावही सर्वोच्च न्यायालयापुरता.

हरलेला पक्षकार अशा माहितीचा वापर न्यायाधीशाला छळायला करेल, ही भीती खोटी नाही. पण तशी भीती उमेदवारालाही असतेच, आणि आपण त्याला सूट देत नाही. उमेदवाराला कायदा बांधतो, न्यायमूर्तींना त्यांचाच ठराव. केलेला ठराव उद्या बदलताही येतो. म्हणून आम्हाला वाटतं, ही जबाबदारी कायद्यातच यायला हवी. नाहीतर इतरांचा हिशेब मागणाऱ्या खुर्चीचा अधिकार लोकांच्या मनात हळूहळू उणा होत जाईल.